परभणीत समुद्र दाखवायचा होता

आमच्या बाळूनं फ्लेक्स छापायला टाकला तेव्हा मी शाळेत होते, नाहीतर हे सगळं घडलंच नसतं.

बाळू म्हणजे माझा धाकटा भाऊ, बालाजी. आमची घरं परभणीत एकाच गल्लीत. त्याच्या आणि माझ्या घरात एक भिंत, तीही इतकी पातळ की त्याच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठायचे. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही, सुट्टी लागली की पिशवी भरायची, कुठंतरी जाऊन यायचं आणि इथं लिहायचं, हे तुम्हा नेहमीच्या वाचकांना माहीतच आहे. बाळूनं मात्र अर्धं आयुष्य परभणी-जिंतूर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवण्यात घालवलं. आता ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आली आणि जीपला माणूस मिळेना. मग त्याच्या डोक्यात आलं की खासगी सहली काढायच्या. एक गाडी, एक कुटुंब, एक दिवस, आणि सोबत माहिती सांगायला स्वतः बाळू. कल्पना वाईट नव्हती. बोलायला बसला तर हा माणूस दगडालाही मान डोलवायला लावतो.

तर हा फ्लेक्सवाल्याकडं गेला. फ्लेक्सवाल्यानं संगणकावर नमुने दाखवले. एका नमुन्यात निळाशार समुद्र, त्यातून वर आलेले डोंगर, डोंगरात गुहा आणि गुहेच्या तोंडाशी बिबट्या. कुठल्यातरी समुद्राकाठच्या सहलवाल्यासाठी केलेलं काम होतं ते. बाळूला चित्र आवडलं. "हेच राहू द्या, फकस्त नाव आन् नंबर बदला," एवढं सांगून साहेब चहाला गेले. नाव बदललं, नंबर बदलला, मजकूर तसाच राहिला. 'गुहा, सागरी पर्वत व वन्यजीव : खासगी मार्गदर्शित एकदिवसीय सहल.' खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या गल्लीचे फोटो. माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो नेमका बिबट्याच्या शेजारी आला होता, आणि खरं सांगते, दोघांत बिबट्या जास्त प्रसन्न दिसत होता.

असे तीन फ्लेक्स शहरात लागले. गल्लीतल्या एकालाही समुद्र खटकला नाही, कारण सगळे आपापला फोटो बघत होते.

"अरे गाढवा," मी म्हणाले, "परभणीला समुद्र कुठंय?"

"छापलंय म्हनल्यावर आता दाखवावंच लागंल, आक्का," बाळू म्हणाला. "फ्लेक्स काय पाटी हाय का पुसायला?"

मराठवाड्यात हे असंच आहे. चूक बोलून गेलो तर माफी मागू, लिहून गेलो तर खाडाखोड करू, पण फ्लेक्सवर छापलं की ते खरं करायची जबाबदारी आपली.

त्याची बायको सुनंदा मात्र बेजार झाली होती. तिच्या भावानं चाकणला एका कंपनीच्या गेटवर बाळूला पहारेकऱ्याचं काम ठरवून ठेवलं होतं आणि आता तो होय का नाही ते विचारत होता. सुनंदानं एक अट घातली. एक सहल कर. पाव्हणे खूश होऊन उतरले तर चाकणचं नाव काढणार नाही. नाराज होऊन उतरले तर त्याच संध्याकाळी दादाला 'येतोय' म्हणून फोन. सोमवारी चाकणला हजर व्हायचं.

मला विचाराल तर माझा जीव तेव्हापासूनच खालीवर होत होता. आई-वडील गेले, मला दुसरं कोणी नाही. बाळू गेला तर भिंतीपलीकडं कुलूप. पण हे असं बोलून दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी त्याला गाढव म्हणत राहिले.

आणि गिऱ्हाईक मिळालं! कोकणातलं एक जोडपं पुतण्याच्या लग्नाला परभणीत आलं होतं. मंगल कार्यालयासमोरच आपला फ्लेक्स. त्यातल्या काकांनी लगेच फोन लावला. बाळूनं स्पीकर चालू ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं.

"परभणीत सागरी पर्वत?"

"हायत ना सर."

"सागर कोणता म्हणायचा?"

"ते समक्षच बगा सर. फोनवर सांगितलं की मजा जाती."

फोन ठेवता ठेवता काकांनी सांगितलं की ते दोघं दापोलीच्या पुढं अगदी समुद्राला लागून राहतात. अख्खा जन्म समुद्रासमोर काढलेल्या माणसाला आमचा बाळू परभणीत समुद्र दाखवणार होता. मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि म्हणाले, मी पण येते. त्या काकूंना सोबत होईल असं सांगितलं. खरं म्हणजे मला बाळूला एकट्याला मरू द्यायचं नव्हतं.

निघालो ते उजाडता उजाडता. थंडीचे दिवस होते, ज्वारी हुरड्याला आलेली. जीपला नवी सीट कव्हरं, पुढं लिंबू-मिरची, आत अगरबत्ती. काका उंच, किडकिडीत, बोलणं अगदी तिरकस. काकू गोल, शांत, शालीत गुंडाळलेल्या. बसल्या बसल्या काकांनी मोबाइल काढून फ्लेक्सचा फोटो दाखवला. "गुहा, सागरी पर्वत, वन्यजीव. क्रमानं दाखवणार की जसं जमेल तसं?"

"क्रमानंच सर," बाळू म्हणाला. तेवढ्यात सुनंदा दारातून माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "वन्सं, संध्याकाळी खरं काय ते सांगा मला. भावाची बाजू घेऊ नका." मी मान हलवली.

पहिला थांबा वालूर. रस्ता बराचसा चांगला, मधे मधे खड्डे आहेत, पण बाळू प्रत्येक खड्ड्याला नावानं ओळखतो, त्यामुळं त्रास झाला नाही. वालूरची बारव तुमच्यापैकी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी आधी ती पाहा, मग बाकीचं वाचा. विहिरीत उतरायच्या पायऱ्या सरळ न जाता गोल गोल फिरत खाली जातात. गावानंच राबून गाळ उपसला आणि ती मोकळी केली. सकाळचं ऊन एका बाजूनं आत येत होतं, खाली हिरवं पाणी. काकू काठावर उभ्या राहून "अगंबाई" एवढंच म्हणाल्या.

"ही गुहा नंबर एक," बाळू म्हणाला.

काका म्हणाले, "ही विहीर आहे."

"वरून विहीर हाय सर. खाली उतरून वर बगा, मग सांगा."

काका खाली उतरले. वर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. मग वर येऊन म्हणाले, "विहीरच आहे." पण मोबाइलमधे पन्नासेक फोटो काढून आले होते, ते मी पाहिलं.

इथून पुढं सहलीचा ताबा आमच्या हातातून गेला. वालूरला आमची मावशी राहते, आईची चुलत बहीण. बाळूनं जीप मुद्दाम लांब, झाडाआड लावली होती. पण आपल्याकडं गावावरून जायचं आणि नातेवाइकाच्या घरी टेकायचं नाही, हे पाप कुठं लपत असतं का? कोणीतरी मावशीला सांगितलं आणि मावशी बारवेच्या काठावर हजर.

"काय रं बाळ्या, मावशी मेली का तुजी?"

गेलो. जाण्याशिवाय सुटका नव्हती. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, वर चहा. काका म्हणाले, आम्ही नाश्ता करून आलोय. मावशी म्हणाली, मग हे जेवण समजा. नंतर काकूंची ओटी भरली, नारळ, ब्लाऊजपीस. आणि मावशीनं ट्रंक उघडून काकांसाठी नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली. पहिल्यांदा उंबऱ्यात आलेल्या माणसाला टावेल-टोपी केल्याशिवाय आमच्याकडं वाटेला लावत नाहीत. गिऱ्हाईक असो, जावई असो, वीजमीटर बघायला आलेला असो.

"अहो, मी टोपी घालत नाही," काका मागं सरकले.

"घालू नका की," मावशी म्हणाली. "नुसती डोस्क्यावर ठिवा."

ठेवली. मावशीच्या सुनेनं फोटो काढला. आणि आम्ही जीपमधे बसेपर्यंत मावशीनं जिंतूरला आपल्या लेकीला, आमच्या रुक्मिणीला फोन लावला होता. "कोकनातले पाव्हणे निघालेत. सोडू नको."

वालूरहून आडवाटेनं जिंतूर. या रस्त्यावर पाठ जपा, दुसरं काही सांगत नाही. जिंतूरजवळ नेमगिरीचा डोंगर आहे, तिथं जैन गुंफा आहेत, एकाला लागून एक, लहान लहान. दारं इतकी बुटकी की वाकून, अंग चोरून, काही ठिकाणी जवळजवळ रांगत आत जावं लागतं. आणि आत गेलं की समोर केवढी तरी मोठी मूर्ती, शांत, डोळे मिटलेले. काळोखात एकदम समोर आल्यावर माणूस बोलायचं थांबतो. काकासुद्धा थांबले. टोपी डोक्यावरच होती, पण हात जोडलेले.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, "एवढ्याशा दारातून एवढी मोठी मूर्ती आत नेली तरी कशी असेल हो?"

"मूर्ती आत नेली न्हाई काकू," बाळू म्हणाला. "मूर्ती हितंच होती. त्यांनी फकस्त बाकीचा डोंगर बाहीर काढला."

काकू त्याच्याकडं बघतच राहिल्या. काकांनी मान वळवून आधी डोंगराकडं बघितलं, मग बाळूकडं. मला त्या क्षणी वाटलं, जमलं! माझा भाऊ चाकणला जात नाही. मी एवढी खूश झाले की बाळूच्या पाठीत एक धपका घातला.

रुक्मिणी डोंगराच्या पायथ्याशीच उभी होती. तिच्या घरी वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, वर शेवयाची खीर. काकांनी खिरीला हात लावला नाही तर रुक्मिणीच्या डोळ्यांत पाणी, म्हणून काकांनी दोन वाट्या खाल्ल्या. परत ओटी, परत नारळ. परत टावेल-टोपी. काका पहिली टोपी काढून दुसरी घालायला लागले तर बाळू धावला.

"काडू नका सर. मावशीला वाईट वाटंल."

"मावशी वालूरला आहेत. त्यांना कसं कळणार?"

"रुक्मीनं फोटू टाकलाय ना ग्रुपवर."

म्हणून दुसरी टोपी पहिलीवर बसली. काकूंच्या मांडीवर नारळांचा ढीग झाला होता. त्या हसायला लागल्या ते थांबेनातच. काकांनी गंभीरपणे मोबाइल काढला. "गुहा पाहिल्या. आता वन्यजीव. बिबट्या कुठं आहे?"

बाळूनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

येलदरीच्या रस्त्याला लागल्यावर वानरांची टोळी दिसली. बाळू उत्साहानं थांबला. काका म्हणाले, आमच्या परसात याहून जास्त आहेत, रोज नारळ फोडतात. पुढं एक मोर दिसला, तो दोन पावलं चालून हरभऱ्यात शिरला. काका म्हणाले, बरं. आणि मग एका वळणावर ज्वारीच्या शेतात रोही दिसले. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, आणि ते पाच-सहा एकत्र उभं राहून खुशाल कणसं खायलेले. बाळू ब्रेक लावून म्हणाला, "बगा सर! मोकळ्या रानात! पिंजरा न्हाई, तिकीट न्हाई!"

तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी ओरडत आला. "ओ गाडीवाले! बगत काय बसलाव? खालच्या अंगानं आडवा त्यानला!"

तुम्हाला खोटं वाटेल, पण काका उतरले. पंचाहत्तरीकडं झुकलेला माणूस, डोक्यावर दोन टोप्या, गळ्यात दोन टॉवेल, ज्वारीच्या शेताच्या कडेनं हात पसरून धावायला लागला. काकूंनी पिशवीतल्या डब्याचं झाकण काढलं आणि नारळानं बडवायला सुरुवात केली. मी "हाऽड हाऽड" करून ओरडत होते, हा आवाज मी वर्गातही काढते म्हणून मला जमतो. रोह्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि शांतपणे पलीकडच्या शेतात गेले. लोक जंगलात पैसे देऊन जनावरं बघायला जातात. आमच्या सहलीत ती हाकलायची असतात. याची वेगळी फी नाही.

शेतकरी हात जोडून आला. त्याच्या मते आम्ही त्याचं वर्षाचं पीक वाचवलं होतं. मग काय, लगेच शेणी पेटल्या, कणसं भाजली, हुरडा, लसणाची चटणी, गूळ. काका म्हणाले, आता पोटात जागा नाही. शेतकरी म्हणाला, "हुरड्याला जागा लागत न्हाई, तो फटीत बसतो." खरंच बसला. तो माणूस देणार काय? त्याच्याकडं टावेल-टोपी नव्हती. त्यानं स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि काकांच्या दोन्ही टोप्यांवरून फेटा बांधला.

"आणि बिबट्या?" काकांनी त्यालाच विचारलं. मोबाइलवरचा फ्लेक्स दाखवला.

शेतकऱ्यानं फोटो जवळ घेऊन बघितला, मग माझ्याकडं बघितलं, मग परत फोटोकडं. "ह्या बाईच्या बाजूला हाय त्यो?"

"हो."

"मग बाईलाच विचारा," तो म्हणाला.

येलदरीला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पूर्णा नदीवरचं धरण, मागं लांबपर्यंत पाणी, आणि पाण्याच्या कडेला डोंगर. खरंच डोंगर, पाण्यात पाय घालून बसलेले. वाऱ्यानं लहान लहान लाटा काठाला लागत होत्या. मला एरवी हे पाणी फार आवडतं. त्या दिवशी मात्र माझं लक्ष पाण्याकडं नव्हतं, कारण बाळू जीपमधून उतरला, घसा साफ केला आणि हात पसरून म्हणाला, "तर हे सागरी पर्वत."

फेटा, टोप्या, टॉवेल, सगळ्यासकट काका काठापर्यंत चालत गेले. वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि तोंडाला लावलं.

"गोडं आहे," ते म्हणाले.

बाळू पायानं माती उकरत होता. माझा फोन वाजला, सुनंदा होती, मी कापला. परत वाजला, परत कापला. बाळूचं तोंड बघवेना मला. तो सकाळपासून पहिल्यांदा गप्प झाला होता. आणि माझा तोल गेला. माझा स्वभावच तसा आहे.

"होय, गोडं आहे!" मी म्हणाले. "धरणाचं आहे, गोडंच असणार! समुद्र इथं नाही, कधी नव्हता. माझ्या भावानं चित्र बघून फ्लेक्स छापला, मजकूर वाचलाच नाही. बिबट्याही नाही. पण त्यानं तुम्हाला दिवसभर फिरवलं, एक खड्डा लागू दिला नाही, आणि त्या डोंगराबद्दल तो जे बोलला ते पुस्तकात तरी सापडेल का तुम्हाला? आता तुम्ही तोंड पाडून उतरलात तर सोमवारी हा चाकणला कंपनीच्या गेटवर उभा राहील. काठी घेऊन. हा! ज्याला गप्प बसता येत नाही, तो गेटवर गप्प उभा राहील. त्यामुळं काय वाटायचं ते वाटू द्या, पण उतरताना हसा!"

काका सरळ झाले. काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "सांगा की आता. सकाळपासून ताणलंय."

"अहो बाई," काका मला म्हणाले, "परभणीला समुद्र नाही हे मला ठाऊक नसेल का? शाळेत नकाशा भरलाय मी. मला बघायचं होतं की हा पठ्ठ्या काय करतो. लग्नात दोन दिवस बसून कंटाळलो होतो." मग ते बाळूकडं वळले. आवाज बदलला होता. "आमच्याकडं समुद्र आहे. दारात आहे. डोंगर आहेत, कातळात गुहा आहेत, रात्री बिबट्या अंगणात येऊन कुत्री नेतो. चार खोल्या आहेत, पाहुणे येतात, मासे खातात, पाणी बघतात आणि जातात. दाखवणारा माणूस नाही. मुलगा परदेशात. मी सांगायला लागलो तर लोक उठून जातात."

"खरं आहे ते," काकू म्हणाल्या.

"तुम्ही या. राहायला जागा देतो, बायको-मुलांना घेऊन या. पहारेकरी कसले होताय!"

बाळू काकांकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. लहानपणी उरुसात पाळण्यात बसायला पैसे मिळाल्यावर यायचं तेच. तो माझ्याकडं वळला. "आक्का?"

मला म्हणायचं होतं, नको जाऊ. सरळ म्हणायचं होतं. चाकणची भीती दाखवून मीच त्याची बाजू मांडली, आणि मीच त्याला वाट काढून दिली. माझ्याच तोंडाचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

"मला काय विचारतोस," मी म्हणाले. "तुझं तू बघ."

फोन परत वाजला. या वेळी उचलला.

"वन्सं, खरं सांगा," सुनंदा म्हणाली. "खूश हायत का?"

"खूश आहेत गं," मी म्हणाले. "लय खूश आहेत."

परतीच्या रस्त्यात पुढं काका आणि बाळू, मागं काकू आणि मी. काका भरतीच्या वेळी गुहेत पाणी कसं शिरतं ते सांगत होते आणि बाळू विचारत होता, मग आत राहिलेल्या माणसानं काय करायचं. त्याचे प्रश्न संपत नव्हते. काकूंनी एक नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ चांगला आहे हो." मी होय म्हणाले. अंधार होता, म्हणून बरं झालं.

घरी आल्यावर सुनंदानं आधी चाकणला नकार कळवला, एकदम थाटात. मग समुद्राचं ऐकलं आणि तडक पेटी खाली काढली. लग्नापासून तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिला राग यावा असं मला फार वाटत होतं, पण ती इतकी आनंदली की मला तिची पेटी भरायला बसावं लागलं. महिना संपायच्या आत जीप सगळ्यांना घेऊन कोकणात गेली. मुलांनी जाताना माझ्या घरातली पतंगांची रिळंही नेली. भिंतीपलीकडं आता कुकर होत नाही, आणि माझा भात दोनदा करपला.

आता तुमच्यासाठी कामाचं. ही सहल जरूर करा. थंडीत करा, हुरडा मिळतो. वालूर, नेमगिरी, येलदरी हे सगळं परभणीहून एका दिवसात होतं, सकाळी लवकर निघालात तर. नेमगिरीला गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश, पण जावंच. जेवणाचा खर्च धरू नका, कारण तो करूच दिला जात नाही. पोट रिकामं ठेवून निघा आणि नारळांसाठी मोठी पिशवी घ्या. गाडी परभणीत भाड्यानं मिळते. माहिती सांगणारा मात्र सध्या कोणी नाही. मी सांगितली असती, पण मला त्याच्यासारखं येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. शाळेतली पोरं घेऊन गेले होते. पोरं ऐकत होती, पण डोंगर माझ्यानं बाहेर काढला गेला नाही.

परवा काकांनी बाळूच्या सहलीबद्दल मोबाइलच्या नकाशावर अभिप्राय टाकला. तिथं सगळे तारे दिलेत आणि लिहिलंय, "समुद्र नाही. बाकी सगळं आहे, टोप्या अतोनात. मार्गदर्शक इतका आवडला की आम्ही ठेवून घेतला."

खाली मालकानं उत्तर लिहायची जागा असते. त्या खात्याचा पासवर्ड बाळूनं मलाच ठेवायला दिला होता, त्याला लक्षात राहत नाही. मी आधी लिहिलं, "आमचा माणूस परत पाठवा." ते पुसलं. मग "धन्यवाद" लिहिलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, सगळं जग वाचतं ते. पण थांबले नाही. खाली लिहिलं, "त्याला मासे चालत नाहीत, वासानंच मळमळतं, पण तो भिडेपोटी बोलायचा नाही. रोज थोडं वरण टाकत जा."